आंतीबमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी

सोफिया आंतिपोलिस या तंत्रज्ञान वसाहतीत नोकरी घेऊन दक्षिण फ्रान्सला येणाऱ्या मराठी मंडळींपैकी बरेच जण घरासाठी आंतीब निवडतात, आणि ते योग्यच आहे. १९६९ साली टेकड्यांवरच्या पाइनच्या रानात वसवलेल्या त्या वसाहतीत काम आहे, पण गावपण नाही. गाव खाली समुद्राकाठी आहे, आणि स्टेशनापासून निघणारी बस-ट्राम या दोहोंना जोडते. अडचण अशी की आलेला माणूस पहिल्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, गाडी काढून किनाऱ्याकडे निघतो, पार्किंगच्या शोधात घिरट्या घालतो, मिळेल त्या फटीत टॉवेल पसरतो आणि हे गाव आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष काढून परततो. माझे स्पष्ट मत असे की आंतीब पाहण्याचे महिने मे, जून आणि सप्टेंबर हे आहेत. सप्टेंबरात पाणी जवळजवळ ऑगस्टइतकेच उबदार असते, गर्दी मात्र शाळा उघडताच ओसरते. फेब्रुवारीत तेच पाणी १३ अंशांपर्यंत उतरते, तेव्हा हिवाळ्यात समुद्र फक्त काठाने चालण्यासाठी आहे असे समजावे.

लहान मुले बरोबर असतील तर ग्राव्हेतच्या किनाऱ्यापासून सुरुवात करावी. तो जुन्या गावाला लागून, बंदराच्या तटाच्या आडोशाला आहे आणि तिथे लाटा जवळजवळ पोहोचतच नाहीत. सालिसचा किनारा मोठा, वाळूचा आणि सर्वांसाठी खुला आहे. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी तिथून जुन्या गावाची तटबंदी आणि तिच्यामागे आल्प्सची बर्फाच्छादित शिखरे एकाच नजरेत दिसतात. नीसच्या दिशेचे किनारे गोट्यांचे आहेत, तेव्हा पायात रबरी चप्पल हवीच. ज्वाँ-ले-पँची वाळू मऊ आहे, परंतु तिथे खासगी चालकांनी मांडलेल्या छत्र्या आणि आरामखुर्च्यांच्या रांगा दिसतात, आणि आपली माणसे हा किनारा आपला नव्हे असे समजून मागे फिरतात. तसे करण्याचे कारण नाही. १९८६च्या किनारा कायद्यानुसार समुद्रकिनाऱ्यावर सर्वांना मोफत जाता येते. २००६पासून नैसर्गिक किनाऱ्याच्या लांबीचा आणि क्षेत्रफळाचा जास्तीत जास्त एक पंचमांश भागच खासगी चालकाला देता येतो, तर कृत्रिम किनाऱ्यावर ही मर्यादा निम्म्यापर्यंत जाते. पाण्याच्या कडेने चालत जाणाऱ्याला कोणीही अडवू शकत नाही. पोहण्याच्या कपड्यांबाबतही एक गोष्ट सांगून ठेवतो. नगरपालिकेच्या तरणतलावात पुरुषांना सैल अर्धी चड्डी चालत नाही, अंगासरशी पोहण्याची चड्डीच लागते. समुद्रात असे बंधन नाही. मात्र किनाऱ्यावरचे कपडे किनाऱ्यावरच ठेवावेत आणि उघड्या अंगाने बाजारात शिरू नये.

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्याला इथला समुद्र सुरुवातीला अगदी निरुपद्रवी वाटतो, कारण इथे भरती-ओहोटी जाणवतच नाही. मुंबईत पाणी काही मीटर चढते-उतरते, इथे तो फरक २०-३० सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे तिथी पाहून पाण्याचा अंदाज बांधण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. इथे वारा पाहावा लागतो. पूर्वेकडून वारा सुटला की एरवी तळ्यासारखे शांत असलेले पाणी काही तासांत खडकांवर आदळू लागते, आणि खडकाळ भागात दोन पावलांवरच पाणी डोक्याच्या वर जाते. किनाऱ्यावरचा हिरवा, पिवळा किंवा लाल झेंडा पाहूनच पाण्यात उतरावे. जीवरक्षक साधारणपणे जून ते सप्टेंबर या काळातच असतात. उन्हाळ्यात कधीकधी जांभळट रंगाच्या लहान जेलीफिश येतात. त्यांचा डंख झाल्यास तो भाग गोड्या पाण्याने न धुता समुद्राच्याच पाण्याने धुवावा आणि जीवरक्षकांच्या ठाण्यावर जावे.

हिवाळ्यात किनाऱ्यावर तपकिरी पात्यांचे ढीग साचलेले पाहून नगरपालिका सफाई करत नाही अशी तक्रार नव्याने आलेले हमखास करतात. ती पाती पोसिडोनिया या वनस्पतीची असतात. ती शेवाळ नसून समुद्राच्या तळाशी मुळे धरणारी, फुले येणारी वनस्पती आहे, आणि फ्रान्समध्ये १९८८पासून तिला संरक्षण आहे. तिच्या कुरणांत मासे अंडी घालतात, आणि किनाऱ्यावर साचलेले हे थर हिवाळी लाटांपासून वाळू धरून ठेवतात. त्या ढिगात नीट पाहिल्यास लाटांनी वळून वळून केलेले, नारळाच्या काथ्यासारख्या तंतूंचे तपकिरी गोळे सापडतात. मुलांना ते जरूर दाखवावेत. या कुरणांची नासधूस होऊ नये म्हणून मोठ्या नौकांना तिथे नांगर टाकण्यावर आता बंदी आहे, आणि ज्या गावाच्या बंदरात अब्जाधीशांच्या नौकांसाठी स्वतंत्र धक्का आहे तिथे असा नियम झाला याचे मला अजूनही समाधान वाटते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो आपल्या लोकांना पटवणे सर्वांत अवघड जाते: इथला शरदातला पाऊस. चार महिने पावसात काढलेल्या माणसाला एका संध्याकाळच्या पावसाची भीती वाटत नाही. परंतु सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान तापलेल्या समुद्रावरून आलेली दमट हवा मागच्या डोंगरांना अडते आणि दोन-तीन तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. डोंगर किनाऱ्याला इतके लागून आहेत की ओढ्यांना पसरायला जागाच नाही, आणि खाली सपाटीवर वस्ती दाटलेली आहे. ३ ऑक्टोबर २०१५च्या रात्री या पट्ट्यात २० माणसे दगावली. त्यांतील अनेक जण तळघरातल्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला गेले होते. आंतीब आणि बिओच्या मधून वाहणारी ब्राग ही एरवी उडी मारून ओलांडावी एवढीशी नदी त्या रात्री पात्राबाहेर पडली. तेव्हा मेतेओ-फ्रान्स या सरकारी हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आला की गाडीचा मोह सोडावा, तळघरात उतरू नये आणि वरच्या मजल्यावर थांबावे. घर भाड्याने घेतानाही ते पूररेषेत येते का हे विचारावे. घरमालकाने त्याची लेखी माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे.

निसर्गासाठी काप द'आंतीब या भूशिराला तोड नाही. गारूपच्या किनाऱ्यावरून तीर-प्वालची किनारी पायवाट सुरू होते. पांढऱ्या चुनखडीच्या खडकांवरून ती कधी पायऱ्यांनी वर चढते, कधी थेट लाटांच्या शेजारून जाते. डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला श्रीमंतांच्या बंगल्यांच्या उंच भिंती असे हे चालणे निवांतपणे दोन तासांचे आहे. सावली जवळजवळ नाही, त्यामुळे पाणी बरोबर हवे, आणि वारा जोरात असला तर वाट बंद ठेवतात. भूशिराच्या मध्यावर त्युरे उद्यान आहे. १८५७ साली ग्युस्ताव्ह त्युरे या वनस्पतिशास्त्रज्ञाने दूरदेशीची झाडे इथल्या हवेत रुजतात का हे पाहण्यासाठी ते उभारले, आणि आज या किनाऱ्यावर दिसणाऱ्या नीलगिरीच्या प्रसारात त्याचा मोठा वाटा आहे. प्रवेश मोफत आहे, पण उद्यान शनिवार-रविवारी बंद असते. माथ्यावर दीपगृहाशेजारी गारूपच्या मातेचे छोटे चर्च आहे. वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडताना वाहिलेली बुडत्या जहाजांची चित्रे तिथे भिंतीवर लावलेली आहेत. जुलैच्या सुरुवातीला खलाशी अनवाणी पायांनी मातेची मूर्ती मिरवणुकीने गावात नेतात. नारळी पौर्णिमा पाहिलेल्याला त्यामागची भावना कोणी समजावून सांगावी लागत नाही.

जुन्या गावात सकाळी जावे, कारण कूर मासेना इथला छपराखालचा बाजार दुपारी उठतो, आणि उन्हाळा सोडल्यास सोमवारी भरतच नाही. दुकानदाराशी बोलताना आधी ‘बोंजूर’ म्हणावे. थेट भाव विचारणे इथे उद्धटपणाचे समजले जाते. सोक्का जरूर खावा. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढ्यावरच तो होतो, आणि मोठ्या गोल थाळ्यात भट्टीत भाजलेला गरम तुकडा मिरपूड घालून देतात. शाकाहारी मंडळींनी मात्र ऑलिव्हची चटणी, अर्थात तापनाद, आणि कांद्याचा पिसालादिएर यांपासून सावध राहावे, कारण दोन्हींत खारवलेली अँचोव्ही मासळी असते. आपण शाकाहारी आहोत एवढेच सांगून भागत नाही, ‘सां प्वासों’ म्हणजे मासे नकोत हेही सांगावे लागते.

हे गाव मासिलियाच्या, म्हणजे आजच्या मार्सेच्या, ग्रीकांनी आंतिपोलिस या नावाने वसवले. १८६०मध्ये नीस फ्रान्सला मिळेपर्यंत ते सरहद्दीवरचे ठाणे होते, आणि समुद्राकडची तटबंदी, बुरूज आणि १६व्या शतकातला ताऱ्याच्या आकाराचा फोर कारे हा किल्ला यांचा खुलासा त्यातच आहे. किल्ले पाहण्याची आवड असलेल्यांनी फोर कारेचे चार टोकदार बुरूज वरून जरूर पाहावेत. तोफांच्या जमान्यात तट कसा वळवायचा याचे गणित तिथे उघड दिसते. ग्रिमाल्दी घराण्याच्या जुन्या वाड्यात चित्रकार पिकासोने १९४६च्या शरदात काही महिने काम केले. युद्धानंतरच्या टंचाईत चित्रकलेचे साहित्य मिळेना, म्हणून त्याने नौकांचा रंग आणि सिमेंटचे पत्रे वापरले, आणि ती चित्रे आज त्याच वाड्यातल्या संग्रहालयात आहेत. मला स्वतःला मात्र याहून अधिक भिडतो तो सेप्तेंत्रिओ या बारा वर्षांच्या मुलाचा रोमन स्मृतिलेख. त्याने आंतिपोलिसच्या नाट्यगृहात दोन दिवस नृत्य केले आणि तो लोकांना आवडला, एवढेच त्यात कोरलेले आहे.

पिकासोचे संग्रहालय सोमवारी बंद असते. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिन असतात, आणि एरवी बंद असलेल्या अनेक वास्तू तेव्हा उघडतात. काही ठिकाणी आधी नाव नोंदवावे लागते, म्हणून कार्यक्रमपत्रिका आठवडाभर आधी पाहून ठेवावी. पॅरिसच्या ऑपेराचा वास्तुकार शार्ल गार्निए याने आखलेला भूशिरावरचा एलेनरॉक बंगला तर वर्षभर ठरावीक दिवशीच उघडा असतो, तेव्हा भारतातून आलेल्या आईवडिलांना उन्हातून तिथवर नेण्याआधी त्याचे वेळापत्रक नगरपालिकेच्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्यावे.