थंडरबर्डमधलं नको असलेलं सिंक बंद करण्याआधीची तयारी

थंडरबर्ड हा संगणकावर मेल वाचायचा प्रोग्राम. आयमॅप खात्यात मेल सर्व्हरवरच राहते आणि सिंक म्हणजे तिची प्रत संगणकावर उतरणं. सर्वांत आधी डोक्यात पक्कं करा: आयमॅप खात्यातला फोल्डर थंडरबर्डमधून डिलीट केला की तो सर्व्हरवरूनही जातो. नको असलेला फोल्डर ‘काढून टाकायचा’ नाही, त्याचं उतरणं थांबवायचं. जुना, महत्त्वाचा पत्रव्यवहार इथेच हातचा जातो.

मग नेमकं काय खुपतंय ते ठरवा. फोल्डर यादीत दिसतो, त्यात नवी मेल आहे का हे तपासलं जातं आणि त्यातली मेल डिस्कवर उतरते, या तीन गोष्टींची बटणं तीन ठिकाणी आहेत. नुसतं दिसणं नको असेल तर खात्यावर राइट क्लिक करून ‘सबस्क्राइब’मधली खूण काढा. तपासणी थांबवायची तर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधली ‘ऑलवेज चेक धिस फोल्डर’ची खूण काढा. डिस्क भरत असेल तर ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ उघडा, तिथल्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये फोल्डर एकेक करून निवडता येतात. इनबॉक्स आणि सेंट ठेवा, बाकीचे गरजेपुरते. सगळेच फोल्डर हवे असतील तर तिथेच ‘शेवटचे 30 दिवस’ अशी मुदत घालता येते. एक किंमत मोजावी लागते: न उतरलेल्या मेलचा मजकूर थंडरबर्डच्या सर्वसाधारण शोधात सापडत नाही आणि नेट नसताना ती मेल उघडत नाही.

जीमेल असेल तर ‘ऑल मेल’कडे आधी बघा. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एकच मेल इनबॉक्स, ‘बिलं’ आणि ‘ऑल मेल’ अशा तिन्हीकडे असते, आणि आयमॅपला ते तीन वेगळे फोल्डर दिसतात. ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंग्जमधल्या ‘लेबल्स’ पानावर ‘शो इन आयमॅप’ची खूण काढली की मूळच बंद होतं. त्याआधी थंडरबर्डच्या ‘अकाउंट सेटिंग्ज’मधल्या ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये आर्काइव्ह ‘ऑल मेल’मध्येच जात नाही ना, ते तपासून घ्या.

खूण काढल्याने आधी उतरलेला माल मात्र हलत नाही. त्यासाठी ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्डची मेल आणि सेटिंग्ज जिथे साठतात तो) उघडा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि आख्ख्या प्रोफाइलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. आत ‘आयमॅपमेल’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक मेलफोल्डरच्या दोन फाइली असतात: बिनएक्स्टेन्शनची मोठी, तीत मेल, आणि ‘.एमएसएफ’ एक्स्टेन्शनची, ती नुसती सूची. नको असलेल्या फोल्डरची ही जोडी काढली तरी सर्व्हरवरची मेल शाबूत राहते. शेजारच्या ‘मेल’ फोल्डरला हात लावू नका! तिथे लोकल फोल्डर्स (फक्त याच संगणकावरची मेल) आणि पॉप खाती (मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारी) असतात. तिथली फाइल गेली की मेल कायमची जाऊ शकते.

पुन्हा सुरू केल्यावर ‘टूल्स’मधला ‘ॲक्टिव्हिटी मॅनेजर’ उघडा ठेवून दहा मिनिटं बघा. त्यात तोच फोल्डर पुन्हा उतरताना दिसला तर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘सिंक्रोनायझेशन’ टॅबवर खूण अजून आहे.