नव्वदीतला व्हायरलचा पेशंट ॲडमिट झाला, पुढचा अंदाज कसा बांधायचा

नवीन रेसिडेंट डॉक्टर लोकांचं एक ठरलेलं असतं, ९० वर्षांच्या आजी फ्लू नाहीतर कोविडनं ॲडमिट झाल्या की आधी सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) बघायचा. बघा ना, पण त्याआधी खुर्ची ओढून नातेवाइकांजवळ बसा आणि विचारा, आजारी पडायच्या दोन आठवडे आधी आजी कशा होत्या? आज कशा आहेत ते नाही, आज तर सगळेच गळाठलेले असतात.

हे मापायला क्लिनिकल फ्रेल्टी स्केल आहे, फ्रेल्टी म्हणजे शरीर किती खचलंय ते, १ ते ९, आकडा मोठा तितकं जास्त खचलेलं. ढोबळमानाने पैसे, औषधं, बाहेरची कामं यात मदत लागते तो ५, अंघोळीलाही कुणी लागतं तो ६, सगळंच दुसऱ्याच्या हातात असेल तर ७. पण "आजी सगळं स्वतः करतात हो" यावर जाऊ नका, गोळ्या कोण काढून देतं, जिना चढतात का, गेल्या काही महिन्यात पडल्या का असं एकेक विचारा, आणि तेही सोबत राहणाऱ्या माणसाला, कारण लांबून आलेल्या मुलाच्या डोळ्यासमोर बऱ्याचदा दोन वर्षांपूर्वीची आई असते. ८८ वर्षांचा ३ वाला आणि ८० वर्षांचा ७ वाला यात मला दुसऱ्याची काळजी जास्त वाटते, वय काहीही म्हणो.

आता स्कोअर. कोविडसाठी मृत्यूचा धोका सांगणारा फोर सी मॉर्टॅलिटी स्कोअर आहे, एकूण २१ गुणांचा, त्यात ८० च्या पुढं वयाचेच ७ आणि पुरुष असेल तर अजून १, म्हणजे आजोबा नुसते दारातून आत आले की ८ झाले! न्यूमोनिया किती गंभीर ते सांगणाऱ्या कर्ब-६५ मध्ये पण ६५ च्या वरच्या सगळ्यांना वयाचा १ गुण सारखाच. त्यामुळे हे स्कोअर तरुण आणि म्हातारे वेगळे करायला बरे, पण म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांमधला फरक त्यांना तितका दिसत नाही. मी वयाचे गुण बाजूला ठेवून बाकीचं बघते: श्वास मिनिटाला ३० च्या वर गेलाय का, ऑक्सिजन किती लागतोय, रक्तातला युरिया किती, पूर्ण शुद्धीवर आहेत का. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून खूश होऊ नका, अंगावर मांसच नसेल तर किडनी बिघडलेली असूनही ते नॉर्मल दिसतं.

तापाचंही तसंच, या वयात ताप येईलच असं नाही, त्यामुळे नेहमीच्या टेंपरेचरपेक्षा एक डिग्री सेल्सिअसच्या वर चढलं तरी दखल घ्या. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असेल तर नाडीही फसवते.

डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मनाचा गोंधळ, मात्र रोज शोधा. बडबड करणारा, सलाईन ओढणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, शांत पडून राहणारा कुणाला दिसत नाही आणि नर्सिंग नोटमध्ये "झोपलेत" असं लिहिलं जातं. तो ओळखायच्या फोर ए टी टेस्टला दोन मिनिटं लागतात, महिने उलटे म्हणायला लावायचे वगैरे, ४ किंवा जास्त आले की डिलिरियमचा संशय धरा. तो आला की मृत्यूचा धोका तर वाढतोच, परत चालण्याफिरण्याची शक्यताही कमी होते.

हे महत्त्वाचं, कारण घरच्यांना "वाचतील का" एवढंच नाही तर "घरी आल्यावर स्वतः संडासला जातील का" हेही हवं असतं. सत्तरीपुढच्या ॲडमिट पेशंटपैकी साधारण एक तृतीयांश लोक घरी जाताना आधी करायचे ते एखादं रोजचं काम गमावून बसतात, आणि त्यात आजाराइतकाच पलंगाला खिळून राहण्याचा हात असतो.

पहिल्या दिवशी ठाम काही बोलू नका. "अशा दहा जणांपैकी काही जण बरे होतात, काही नाही, आजी कुठल्या बाजूला चालल्यात ते दोन-तीन दिवसात कळेल" असं सांगा आणि मग ४८ ते ७२ तासांनी खरंच परत बसा, ऑक्सिजन कमी होतोय का, दोन घास जातायत का, खुर्चीत बसतात का ते बघून. आणि तो दोन आठवड्यांपूर्वीचा फ्रेल्टी स्कोअर फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, रात्री तीन वाजता धावत येणाऱ्या डॉक्टरनं आजींना चालताना कधी पाहिलेलंच नसतं.