मोहटोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल साबणाच्या कंपनीला द्यायचंय? आधी हे तयार ठेवा

कंपनीचा तपासनीस येणार म्हटलं की अंगण सारवणं, बॅनर छापणं सुरू होतं. राहू द्या. गटाचं नोंदणीपत्र, पासबुक, आधारच्या झेरॉक्स असतातच. सामूहिक वनहक्काचा (जंगलावर गावाचा हक्क असल्याचा) दाखला आणि नकाशा मात्र वर काढा. टोळी कुठल्या जंगलातली, याचा पहिला पुरावा तोच. वाहतूक परवाना वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेची समितीच देते. एक प्रत फाइलला लावा.

आता लॉट नंबर, म्हणजे एका गावच्या मालाचा ओळख नंबर. पोत्यावर तो सगळेच टाकतात हो, घोळ होतो घाणीवर. वेगवेगळ्या गावची पोती एकदम ओतली की संपलं. मागच्या हंगामात आमचे पिंप असेच परत आले. तेल चांगलं होतं, पण कुठल्या गावचं ते एकालाही सांगता येईना. एक लॉट पुरता निघाल्याशिवाय दुसरा ओतू देऊ नका, घाणीवाला कितीही कुरकुरो. पिंपावर तोच नंबर, ढेपेच्या पोत्यावर तोच, घाणीच्या पावतीवरही तोच. पावती हातात घेऊन नंबर वाचा, मगच पैसे द्या. वजनंही लिहा. गरात निम्म्याच्या आसपास तेल असतं, घाणीवर त्याहून कमीच निघतं. कागदावर जास्त दिसलं तर बाहेरचा माल मिसळला असंच धरतील.

नोंदी आधी वहीत, मग मोबाइलमध्ये. गडचिरोलीतल्या भामरागडकडे रेंजच्या भरवशावर राहाल तर बसाल बोंबलत.

युरोपच्या २०२४ च्या कायद्यातल्या डिजिटल पासपोर्टचं (मालाची सगळी माहिती देणाऱ्या ऑनलाइन नोंदीचं) नाव घेऊन कोणी घाबरवेल. त्याच्या पहिल्या यादीत कापड, टायर, गाद्या वगैरे आहेत, सौंदर्यप्रसाधनं नाहीत. पण मोठे खरेदीदार तशी माहिती आतापासूनच मागतात, तेव्हा वाद घालू नका, वही दाखवा.

मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळता का, हे विचारतीलच. बरेच वणवे तिथूनच लागतात. जाळत असाल तर आधी बंद करा, जाळी अंथरा, ग्रामसभेचा ठराव घ्या. तोंडी "नाही जाळत बाप्पा" चालत नाही.

बाकी पटापट. पैसेवाटपाचं रजिस्टर, सह्या-अंगठ्यांसकट. पिंप कोरडे. नमुन्याची बाटली सीलबंद, आणि तिच्यावरही लॉट नंबर. गाडी भरल्यावर चलानावरचे नंबर पिंपांशी ताडून बघा, मगच ताडपत्री बांधा.