संच-आकृतीच्या सीमांना गोलाई देताना या चुका टाळा

संच-आकृतीत प्रत्येक संचातल्या गोष्टींभोवती एक बंद रेषा काढतात. ही सीमा वळणदार हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. दोन रेषा एकमेकींना छेदून आपापल्या दिशेनं सरळ निघून गेल्या की वाचकाची नजर धरलेल्या रेषेवरच राहते. नेमका तिथेच कोपरा असेल, तर नजर दुसऱ्या रेषेवर जाते आणि संचच बदलतो. म्हणून कोपरे घालवायचेच. पण नवी मुलं ते कसे घालवतात हे पाहून जीव तुटतो. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं सिलेक्ट करायचं, रेषा आपोआप गुळगुळीत करणारं ‘सिम्प्लिफाय’ दाबायचं, अजून खडबडीत वाटलं की पुन्हा दाबायचं.

गोलाई दिल्यावर ठिपके न मोजणं

एका संस्थेच्या अहवालात तालुक्यातल्या ३१ गावांची आकृती होती. गाव म्हणजे ठिपका आणि संच तीन: शेततळी असलेली गावं, ठिबक वापरणारी आणि टँकर लागणारी. ठिपके नकाशातल्या जागीच ठेवायचे होते, त्यामुळे सीमा वेड्यावाकड्या झाल्या. माझ्यासोबतच्या मुलानं रात्री तीनदा गोलाई दिली. आकृती सुरेख दिसली, छापूनही आली. मग बैठकीत एका गावचे सरपंच उभे राहिले. “फेब्रुवारीपासून टँकरवर आहोत आम्ही, आणि तुम्ही आम्हाला बाहेर काढलंत?” त्यांचा ठिपका सीमेच्या एका टोकात होता. टोक कापलं गेलं, गाव बाहेर राहिलं. आम्ही प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली, पण त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

हे होतं कसं? चायकिन यांची १९७४ची कोपरे कापायची रीत घ्या. प्रत्येक बाजूवर एक चतुर्थांश आणि तीन चतुर्थांश अंतरावर नवे बिंदू घ्यायचे, जुना कोपरा सोडून द्यायचा आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. यात बाहेर आलेलं टोक आत सरकतं आणि आत गेलेली खाच भरते. टोकातला आपला ठिपका बाहेर पडतो, खाचेतला परका आत येतो. ‘आधी सीमा थोडी फुगवून घ्या’ असं बरेच जण सुचवतात. त्यानं टोक वाचतं, खाच मात्र आणखी भरते.

गोलाईची दुसरी रीत म्हणजे कॅटमल-रोम वक्र. तो दिलेल्या प्रत्येक बिंदूतून जातो, हे खरं. पण बिंदूंमधली अंतरं कमी-जास्त असतील तर साधा प्रकार मध्येच फुगतो, कधी स्वतःभोवती गाठही मारतो. बिंदूंमधली अंतरं हिशेबात घेणारा सेंट्रिपेटल प्रकार घ्या, आणि तरीही ठिपके मोजा.

मी आधी कागदावर तक्ता करतो. तीन संचांचे बाहेरचा धरून आठ भाग, प्रत्येकात किती ठिपके. गोलाईनंतर तोच तक्ता पुन्हा भरतो. ३१ ठिपक्यांना पाच मिनिटं लागतात, आणि ती ज्याला जड वाटतात त्यानं आकृती काढू नये. सीमाही ठिपक्यापासून किमान दोन ठिपके मावतील इतकी लांब ठेवतो.

शेजारच्या सीमांना वेगवेगळी गोलाई देणं

दोन सीमा चिकटून चालत असतील आणि प्रत्येकीला स्वतंत्र गोलाई दिली, तर त्या एकमेकींत गुंततात. मध्ये नखाएवढे रिकामे तुकडे पडतात आणि वाचक त्यांना छेदसंच समजतो. मी सीमा चिकटू देतच नाही. एकतर स्वच्छ अंतर, नाहीतर काटकोनाच्या जवळपासचा ठसठशीत छेद.

तीन रेषा एकाच बिंदूत आणू नका.

भरलेला रंग फिका आणि पारदर्शक ठेवा, रेषा गडद.

चार संचांसाठी चार वर्तुळं काढून ती वाकवत बसू नका. चार वर्तुळांतून बाहेरचा धरून जास्तीत जास्त १४ भाग निघतात, चार संचांच्या सगळ्या शक्यतांना लागतात १६. तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १८८० मध्येच यासाठी लंबवर्तुळं वापरली होती. सहा संच घेऊन कोणी आलं, तर मी आकृती काढत नाही, तक्ता देतो.