‘बंकम’ हा इंग्रजी शब्द कसा वापरावा

सोलापुरात इंग्रजी शिकवताना मी दरवर्षी ‘बंकम’ हा शब्द फळ्यावर लिहितो आणि दरवर्षी निम्मा वर्ग ‘लेक्चर बंक करणे’ आठवून हसतो. साखर पेठेतल्या एका विद्यार्थिनीने वहीत ‘आय बंकम द लेक्चर’ असे वाक्यच लिहून आणले होते. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या त्या मुलीला आणखी एक भाषा जड नव्हती. केवळ उच्चार सारखा वाटल्यामुळे तिची गफलत झाली. तेव्हा तास बुडवण्याचा ‘बंक’ आणि एकावर एक खाटांचा ‘बंक’ यांचे ‘बंकम’शी काही नाते नाही, हे आधी पक्के करावे.

‘बंकम’ म्हणजे पोकळ, निरर्थक बोलणे. मात्र एवढ्यावर थांबलो तर या शब्दाची धार हाती लागत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात बंकम नावाची काउंटी आहे. तिथले प्रतिनिधी फेलिक्स वॉकर १८२० साली अमेरिकी प्रतिनिधिगृहात बोलायला उभे राहिले. मिसुरीला राज्याचा दर्जा देताना तिथे गुलामगिरी असावी की नसावी, यावर प्रदीर्घ चर्चा झाली होती आणि सदस्यांना मतदान हवे होते. त्यांनी थांबण्याची विनंती केली, तेव्हा आपल्याला बंकमसाठी बोलायचे आहे, असे वॉकर यांनी सांगितले. म्हणजे समोरचे सभागृह नव्हे, तर दूरचे मतदार त्यांच्या डोळ्यांपुढे होते. पुढे काउंटीचे हे नाव अशा भाषणांना चिकटले आणि त्याचे स्पेलिंगही सोपे झाले.

जुळे सोलापुरात एखादी प्रचारसभा चालली आहे आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, असे एका बाईंनी उभे राहून विचारले आहे, अशी कल्पना करा. उमेदवार उजनीचे नाव घेतो, सिद्धेश्वर महाराजांचे स्मरण करतो, सोलापूरकरांच्या कष्टाळूपणाची स्तुती करतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. त्याचे एकही वाक्य खोटे नसेल, तरीही ते उत्तर ‘बंकम’ आहे. आज हा शब्द कोणत्याही निराधार दाव्यालाही लावतात, जसे की सात दिवसांत अस्खलित इंग्रजी बोलायला शिकवण्याची जाहिरात. पण समोरच्याला खूश करण्याचा किंवा वेळ मारून नेण्याचा हेतू जिथे दिसतो, तिथे तो सर्वांत नेमका बसतो.

म्हणूनच प्रत्येक वायफळ बोलण्याला ‘बंकम’ म्हणू नये. तापात माणूस बरळतो, त्यात कोणताही डाव नसतो. भाषणाचे गुऱ्हाळ लांबते, पण त्यात कामाची माहिती असू शकते. आजोबा जुन्या गिरण्यांच्या आठवणी सांगताना चार गोष्टी फुगवतात, तो तर जिव्हाळा आहे. मराठीत ‘बंकम’च्या सर्वांत जवळ येतात ते ‘भूलथापा’, ‘पोकळ बाता’ आणि ‘भंपकपणा’.

व्याकरण थोडक्यात सांगता येते. हे न मोजता येणारे नाम आहे, म्हणून त्याच्या आधी ‘अ’ लावू नये आणि त्याचे अनेकवचन करू नये. ‘दॅट इज बंकम’, ‘प्युअर बंकम’, ‘कम्प्लीट बंकम’ हे प्रयोग योग्य आहेत. हा दोष बोलण्याला दिला जातो, माणसाला नाही. त्यामुळे ‘यू आर बंकम’ हे वाक्य चुकते. पोकळ बोलणे या अर्थाचा तिसरा ‘बंक’ मात्र ‘बंकम’चेच छोटे रूप आहे. त्याला ‘डी’ हा उपसर्ग जोडून विल्यम वुडवर्ड या अमेरिकी लेखकाने १९२३ मध्ये ‘डिबंक’ हे क्रियापद रूढ केले, ज्याचा अर्थ भंपक दाव्याचे पितळ उघडे पाडणे असा होतो. बातम्यांमध्ये ते आता वारंवार भेटते.

‘बंकम’ आज किंचित जुन्या वळणाचा आणि अनौपचारिक वाटतो. लेखात किंवा मित्रांच्या वादात तो शोभतो. अर्जात, मुलाखतीत किंवा वडीलधाऱ्यांशी बोलताना तो टाळावा, कारण त्यातला अनादर लपत नाही.

सरावासाठी मी मुलांना स्वतः ऐकलेल्या एखाद्या भाषणावर एक इंग्रजी वाक्य आणि त्याखाली त्याचा मराठी खुलासा लिहायला सांगतो. त्याच विद्यार्थिनीने पुढच्या आठवड्यात लिहिले, ‘हिज स्पीच ऑन वॉटर वॉज प्युअर बंकम’, आणि खाली मराठीत, ‘पाण्यावर ते अर्धा तास बोलले, पण नळाचा वार काही सांगितला नाही.’