सबमिट दाबलं आणि काहीच झालं नाही: जेक्वेरीत फॉर्मचे इव्हेंट कसे तपासावेत

समजा गिरगावातल्या एका गणेशोत्सव मंडळाने लहान मुलांच्या चित्रकला स्पर्धेसाठी ऑनलाइन नावनोंदणी ठेवली आहे. फॉर्म बनवायचं काम मंडळातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे आलंय आणि तिने नुकतीच जेक्वेरी (जावास्क्रिप्टची एक तयार लायब्ररी) शिकायला घेतली आहे. ती बटण दाबते आणि पान नुसतंच लुकलुकतं, भरलेलं सगळं पुसलं जातं. कधी तर तेवढंही होत नाही. अशा वेळी नवशिका माणूस कोडमध्ये दिसेल ती ओळ बदलत सुटतो आणि तासाभराने मूळ चूक कुठली अन् नंतर घातलेली कुठली, हेच कळेनासं होतं.

म्हणून एक ओळही बदलण्याआधी साखळी कुठे तुटली ते शोधा. लायब्ररी आली का, फॉर्म सापडला का, हँडलर (इव्हेंट घडल्यावर चालणारं फंक्शन) जोडला गेला का, इव्हेंट (क्लिक, सबमिट अशी घटना) घडला का, ब्राउझरचं नेहमीचं वागणं थांबलं का, या क्रमाने जा. मधली कडी गाळू नका.

आधी कन्सोल, आणि त्यातली एक खूण

क्रोममध्ये एफ-१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडा आणि कन्सोलच्या (चुका आणि लॉग जिथे छापले जातात त्या टॅबच्या) सेटिंगमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करा. फायरफॉक्समध्ये याला ‘पर्सिस्ट लॉग्ज’ म्हणतात. ही खूण नसेल तर फॉर्म सबमिट होऊन पान नव्याने लोड होतं आणि लाल अक्षरातली चूक वाचायच्या आत पुसली जाते. चूक दिसतच नाही असं वाटण्याचं कारण बहुतेकदा एवढंच असतं.

‘डॉलर इज नॉट डिफाइन्ड’ असं दिसलं तर तुमचा हँडलर निर्दोष आहे. एकतर जेक्वेरीची फाइल आलीच नाही (नेटवर्क टॅबमध्ये तिच्यापुढे ४०४ आहे का बघा), नाहीतर तुमची फाइल तिच्याआधी लोड होतेय. साइट वर्डप्रेसवर असेल तर तिथे डॉलरचं चिन्ह मुद्दाम मोकळं ठेवलेलं असतं. त्याऐवजी जेक्वेरी हे पूर्ण नाव वापरा.

फॉर्म सापडला का?

ही पायरी नीट समजून घ्या, कारण जेक्वेरी इथे अजिबात तक्रार करत नाही. आयडीत एक अक्षर चुकलं तर तिला शून्य घटक मिळतात. त्या शून्य घटकांना ती निमूटपणे हँडलर जोडते आणि कन्सोल स्वच्छ राहतो. तेव्हा ज्या ओळीत हँडलर जोडलाय तिच्या बरोबर वर कन्सोल-लॉगने त्या निवडीची लेंग्थ (किती घटक सापडले तो आकडा) छापा. १ आलं तर पुढे चला, ० आलं तर चूक सापडली.

लेंग्थ फाइलमध्येच छापायची, नंतर कन्सोलमध्ये टाइप करून बघायची नाही. तुम्ही टाइप करता तोवर पूर्ण पान तयार झालेलं असतं, त्यामुळे तिथे १ दिसतो. पण स्क्रिप्ट हेडमध्ये असेल तर ती धावली तेव्हा फॉर्म जन्मालाच आलेला नसतो. स्क्रिप्ट बॉडीच्या शेवटी न्या, तिला डिफर लावा किंवा सगळा कोड जेक्वेरीच्या रेडी फंक्शनमध्ये ठेवा. तिन्हीपैकी एक पुरे.

हँडलर कुठे आणि कसा जोडलाय

पान उघडल्या उघडल्या ‘नोंदणी झाली, धन्यवाद’ असा अलर्ट येतो आणि बटण दाबल्यावर मात्र शांतता? मग फंक्शनच्या नावापुढे कंस पडलेत. कंस दिले की फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि जोडायला हाती काहीच उरत नाही. ऑन मेथडला नुसतं नाव द्यायचं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सबमिट इव्हेंट बटणावर जोडणं. सबमिट हा इव्हेंट फॉर्मचा आहे. तो फॉर्मवर घडतो आणि तिथून वर जातो, आत बटणाकडे कधीच येत नाही. मग बटणाचा क्लिक का वापरू नये? कारण क्लिक ब्राउझरच्या तपासणीआधी घडतो. मुलाच्या नावाची चौकट रिकामी असली तरी तुमचा क्लिक हँडलर धन्यवाद म्हणून मोकळा होतो. फॉर्मवर सबमिट ऐकणं हाच सरळ मार्ग आहे.

इव्हेंट घडला तरी का?

हँडलरच्या पहिल्या ओळीत कन्सोल-लॉग टाका. तो छापला जात नसेल तर रिक्वायर्ड, म्हणजे भरणं सक्तीचं असलेल्या, चौकटी तपासा. एक जरी रिकामी असली तरी ब्राउझर सबमिट इव्हेंट घडूच देत नाही. चौकट दिसत असेल तर निदान सूचनेचा फुगा येतो. पण शाळेच्या यादीत ‘इतर’ निवडल्यावरच दिसणारी ‘शाळेचं नाव’ ही चौकट तुम्ही हाइड करून ठेवली असेल आणि तिला रिक्वायर्ड लावलं असेल, तर ब्राउझरला तिथे कर्सर नेता येत नाही. पानावर काहीच दिसत नाही, फक्त क्रोमच्या कन्सोलमध्ये ती चौकट फोकस करता येत नसल्याची ओळ येते. उपाय असा की चौकट लपवताना तिला डिसेबल्ड करायचं आणि दाखवताना पुन्हा चालू करायचं. डिसेबल्ड चौकट तपासलीही जात नाही आणि पाठवलीही जात नाही, आणि इथे आपल्याला नेमकं तेच हवंय.

जावास्क्रिप्टच्या मूळ सबमिट मेथडने फॉर्म पाठवला तर सबमिट इव्हेंट घडत नाही, हेही लक्षात असू द्या. त्यासाठी रिक्वेस्ट-सबमिट वापरा. आणि बटणाला ‘सबमिट’ हे नाव किंवा आयडी देऊ नका, त्याने ती मूळ मेथडच झाकली जाते.

पान पुन्हा लोड होतंय

प्रिव्हेंट-डिफॉल्ट हँडलरच्या अगदी वर लिहा. बरेच जण शेवटी रिटर्न फॉल्स लिहितात. मध्येच कुठे चूक झाली तर कोड तिथपर्यंत पोहोचतच नाही आणि ब्राउझर आपल्या पद्धतीने फॉर्म पाठवून मोकळा होतो. शिवाय जेक्वेरीत रिटर्न फॉल्सने इव्हेंटचा वरचा प्रवासही थांबतो. नवशिक्यांनी ती सवय लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या उदाहरणात ‘आणखी एक मूल जोडा’ असं बटण आहे. ते दाबल्यावर नवी ओळ येण्याऐवजी पान लोड झालं तर बटणाचा टाइप बघा. फॉर्मच्या आतल्या बटणाला टाइप दिला नाही तर ब्राउझर ते सबमिटचंच बटण समजतो. टाइप ‘बटन’ असा द्या.

नव्या ओळीतल्या चौकटी ऐकत नाहीत

पहिल्या मुलाचं वय बदललं की गट आपोआप ठरतो, दुसऱ्या मुलाचा ठरत नाही, कारण हँडलर जोडला तेव्हा दुसरी ओळ पानावर नव्हती. इथे डेलिगेशन लागतं. हँडलर फॉर्मवर जोडा आणि ऑन मेथडला इव्हेंटच्या नावानंतर वयाच्या चौकटीचा क्लास द्या. इव्हेंट चौकटीतून वर चढत फॉर्मपर्यंत येतो आणि तिथे पकडला जातो, मग ओळ कधीही आलेली असो. जुन्या धड्यांत यासाठी लाइव्ह मेथड दिसेल. ती २०१३ साली आलेल्या १.९ आवृत्तीतून काढून टाकली आहे. ऑन ही मेथड १.७ पासून आहे, तीच वापरा.

एकाच मुलाची नोंद दोनदा होत असेल तर हँडलर दोनदा जोडला जातोय. बहुधा सबमिटचा हँडलर ‘आणखी एक’च्या क्लिकमध्ये लिहिला गेलाय. तो बाहेर काढा.

मराठीत टाइप केलं की बिघडतं

इंग्रजी धड्यांत हा भाग सापडत नाही आणि आपल्याकडे तर फॉर्म मराठीतच भरला जाणार. अँड्रॉइड फोनवर की-डाउनमधला की-कोड पुष्कळदा नुसता २२९ येतो, कुठलंही अक्षर दाबा. कळ ओळखून केलेली तपासणी तिथे कोलमडते. कळांचे इव्हेंट सोडा आणि इनपुट इव्हेंट ऐका. टाइप केलेलं, पेस्ट केलेलं, बोलून लिहिलेलं, सगळं त्यात येतं. चेंज इव्हेंट मात्र मजकुराच्या चौकटीतून बाहेर पडल्यावरच घडतो. तुम्ही स्वतः व्हॅल मेथडने किंमत भरली तर दोन्हीपैकी एकही घडत नाही, तो ट्रिगर करावा लागतो.

नावाच्या लांबीवर मर्यादा घालताना ‘ज्योत्स्ना’ हे नाव घालून बघा. वाचताना दोनच अक्षरं, पण जावास्क्रिप्टची लेंग्थ १० येते, कारण हलन्त आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात. मॅक्स-लेंग्थ ८ ठेवली असेल तर या मुलीला आपलं नाव पूर्ण लिहिताच येणार नाही.

पिनकोडचंही तसंच. आजोबांनी मराठी कीबोर्डवरून गिरगावचा ४००००४ हा पिन भरला तर इंग्रजी शून्य ते नऊ एवढेच आकडे मानणारी तपासणी तो नाकारते. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकूर साच्याशी जुळवून बघणाऱ्या सूत्रातलं) अंकांचं चिन्हही देवनागरी अंक ओळखत नाही. आजोबांना कीबोर्ड बदलायला लावू नका. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे नऊ अंक ओळीने येतात. प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की खरा आकडा मिळतो. हे रूपांतर सबमिट हँडलरमध्ये तपासणीच्या आधी करा, आणि त्या चौकटीवर पॅटर्न किंवा नंबर टाइप असेल तर तो काढा, नाहीतर ब्राउझर हँडलरपर्यंत येऊच देणार नाही.

हे सगळं लॅपटॉपवर कळणार नाही. अँड्रॉइड फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, केबलने लॅपटॉपला जोडा आणि क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून फोनमधला टॅब उघडा. फोनवरचा कन्सोल लॅपटॉपवर दिसतो. मराठी कीबोर्ड लावून नाव, वय, पिन भरा आणि इनपुट हँडलरमधला लॉग प्रत्येक अक्षराला काय दाखवतो ते तिथे वाचा.