मुलीचा ताबा, मुलीचा खर्च: दोन फायली वेगळ्या ठेवा

माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना मी तिच्या ताब्यासाठी आणि खर्चासाठी न्यायालयात गेले. पुढच्या चार वर्षांत बरंच शिकले. त्यातलं एक आधी सांगते, कारण ते मी चूक करून शिकले. मुलाची भेट आणि मुलाचे पैसे यांची एकमेकांशी गाठ मारू नका. तिच्या वडिलांनी तीन महिने पैसे दिले नाहीत, म्हणून मी त्यांची दोन रविवारची भेट बंद केली. पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, "पैसे त्यांनी थकवले, मग मुलगी का घरात बसली?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दोन्ही रविवारी ती चपला घालून दाराशी बसून होती.

पैसे थकले तर त्याचा उपाय वेगळा आहे. मुलांच्या खर्चाचा हुकूम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मिळतो. हे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला. या कलमाखाली मिळालेला हुकूम पाळला नाही, तर वसुलीचा अर्ज करता येतो, वॉरंट निघतं, तरीही पैसे आले नाहीत तर कैदही होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत हा अर्ज करावा लागतो. "आज देतो, उद्या देतो" यावर विसंबून वर्ष घालवू नका. मी कॅलेंडरवर प्रत्येक थकलेल्या महिन्यापुढे लाल खूण करायचे.

अर्ज कुठे करायचा? ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात. लग्न कुठे झालं याला इथे महत्त्व नाही. हे १८९०च्या पालक व पाल्य अधिनियमात आहे आणि तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. कलम १४४ सुद्धा सगळ्यांना लागू आहे. कुटुंब न्यायालय असेल तर दोन्ही अर्ज तिथे, नसेल तर ताब्याचा जिल्हा न्यायालयात आणि कलम १४४चा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्यातच कलम २६खाली मुलाच्या ताब्याचा आणि खर्चाचा अर्ज देता येतो. पण मुलाच्या खर्चासाठी घटस्फोट व्हायची वाट बघायची गरज नाही. घरात मारहाण होत असेल तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तात्पुरता ताबा आणि पैसे दोन्ही मागता येतात. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

आता खर्चाचं, कारण खरी मेहनत इथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं, की दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. मी पहिल्यांदा आठवेल तसे आकडे लिहिले. नंतर तीन महिने वही ठेवली, तेव्हा कळलं की निम्मं विसरलेच होते: शाळेची व्हॅन, वर्षात दोनदा लहान होणारे बूट, चष्म्याची काच, मी कामावर असताना तिला सांभाळणाऱ्या मावशींचा पगार, घरभाड्यातला तिचा वाटा. पावती असेल ती जोडा, नसेल तिथे वहीतली तारीख सांगा. एकही आकडा फुगवू नका. माझ्या शिकवण्यांचं थोडं उत्पन्न लपवावं असं मला वाटत होतं. वकीलबाईंनी ठाम नकार दिला. बँकेचं खातं सगळं बोलतं, आणि एक खोटं सापडलं की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आई कमावती असली म्हणून वडिलांची जबाबदारी संपत नाही. दोघांची ऐपत बघून रक्कम ठरते.

अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, खर्चाचा अर्ज मुख्य अर्जासोबतच द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्याचा निकाल व्हावा असं कायदा म्हणतो. माझा आठ महिने लांबला. पण त्याच २०२०च्या निकालाप्रमाणे रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून अर्ज लवकर पडणं फार मोलाचं.

ताब्याबद्दल एक गैरसमज फार आहे, की लहान मूल आईलाच मिळतं. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे, असं १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो. त्यातला "सामान्यतः" हा शब्द विसरू नका. शेवटी बघितलं जातं ते मुलाचं हित. म्हणून नवऱ्याच्या स्वभावावर दहा पानं लिहिण्याऐवजी तिला शाळेत कोण सोडतं, डॉक्टरांच्या कागदावर कुणाची सही आहे, पालकसभेला कोण जातं हे दाखवा. न्यायालयाच्या समुपदेशकांशी बोलतानाही तेच. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी स्वतः बोलू शकतात. माझ्या मुलीने आदल्या रात्री विचारलं, "मी तिथे काय सांगू?" तिला पढवायचा मोह मला झाला होता. मी म्हटलं, "तुला वाटेल ते. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण."

भेटीचा हुकूम मोघम घेऊ नका. "सोयीनुसार भेट" या दोन शब्दांवरून आमची सहा भांडणं झाली. वार, वेळ, जागा, आणणार कोण, पोचवणार कोण, मोठ्या सुट्टीतले कुठले दिवस कुणाकडे, व्हिडिओ कॉल कधी, सगळं लिहून मागा. सही-शिक्क्याची नक्कल काढून एक प्रत शाळेत द्या.

ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. मूल वाढतं तसा बदलून मागता येतो. गेल्या वर्षी मुलीने रविवारी सकाळी पोहायला जायचा हट्ट धरला. या वेळी आम्ही भांडलो नाही. दोघांच्या सहीची पुरसीस, म्हणजे आम्हाला हा बदल मान्य आहे असं लेखी निवेदन, न्यायालयात दिली, आणि तिच्या वडिलांची भेट सकाळऐवजी दुपारी चारला झाली. पोहण्याच्या फीचा निम्मा वाटा मी वेगळ्या अर्जात मागितला.